छपराचा एम

मंत्रालयाकडून बारा टॅबलेट आले,
वर्गात मुलं एकोणीस.
भागाकार तिथूनच सुरू झाला.

कास्त्रोची खाडीकाठची शाळा, सातवी-ब.
खिडकीखाली लाकडी खांबांवर उभी घरं.
दिवसातून दोनदा समुद्र त्यांच्या गुडघ्यांपर्यंत चढतो,
दोनदा चिखल उघडा टाकून निघून जातो.
सव्वीस वर्षं मी इथं खडूनं तीच रेष काढत आलेय,
वाय बरोबर एम एक्स अधिक एन.
सव्वीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी,
आणि चिलोए बेटावर पाण्याला काही तोटा नाही.

स्क्रीनवर एक आडवी दांडी, दांडीवर एक मणी.
मणी सरकवला की रेष हलते. एवढंच.
मला वाटलं, हा तर खेळ.
मग पोरांनी एनचा मणी वर ओढला
आणि रेष होती तशी, न वाकता, न कलंडता
उचलली गेली.
"मॅडम," एलिसेओ म्हणाला
(मार्चपासून पहिल्यांदाच काही म्हणाला),
"एन म्हणजे घराचे खांब."

मी खडू खाली ठेवला.

एमचा मणी शून्यावर: छप्पर सपाट.
वर्ग हसला. असं घर इथं बांधलं तर
पाऊस भाडं न देता राहायला येईल.
वाढव एम. अजून. अजून वाढव.
रेष उभी होत गेली, पण पुरती उभी राहीना.
"मणी संपला," यास्ना कुरकुरली.
मणी संपला, बाळ, एम नाही संपत.
हे मी तिला म्हणाले की मनाशी, आठवत नाही.

मग आनाइस वेन्चुरनं दोन रेषा जोडून
दुपाखी छप्पर केलं,
आणि मणी शून्याच्या पलीकडं, उण्यात ढकलला.
आढं खाली बसलं. वळचणी वर आल्या.
वळचणीचं पाणी आढ्याला जायला लागलं,
आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "होडी!"

होडीच होती.
आमच्या जुन्या चर्चची छपरं
होड्या बांधणाऱ्या सुतारांनीच घातली म्हणतात.
उपडी होडी म्हणजे छप्पर, हे त्यांना ठाऊक असणार.
मधे एक शून्य लागतं
हे त्यांनी कुणाला सांगितलं नसावं.

गुरुवारी आनाइसचा बाप आला,
शाळेच्या छपराच्या कुजलेल्या फळ्या बदलायला.
तिनं शिडीखालीच त्याच्यापुढं टॅबलेट धरला.
त्यानं बोट टेकवलं. मणी हलेना.
पुन्हा टेकवलं, दाबून.
तीस वर्षं रंधा ओढलेलं बोट,
काच त्याला बोट मानायलाच तयार नव्हती.
त्यानं हात पॅन्टला पुसला, जणू चूक हाताचीच.
मग तिनं ओढलं, त्यानं पाहिलं.
"वर. अजून. थोडं खाली. हां, थांब."
शून्य पूर्णांक नऊ.
"हे माझ्या आईचं घर," तो म्हणाला.
कशावरून?
त्यानं मान जराशी कलती केली,
कलती मानच आम्हाला दाखवली,
आणि खिळे तोंडात धरून शिडी चढला.

शनिवारी आम्ही त्या घरी दोरी घेऊन गेलो.
आडवं शंभर सेंटिमीटर, उभं एक्क्याण्णव.
वारा होता, दोरी थरथरत होती,
एखादा सेंटिमीटर माझ्या पदरचा असेल.

चाचणीत विचारलं: एम म्हणजे काय?
आनाइसनं लिहिलं:
"एक पाऊल बाजूला गेलं की
छप्पर किती पावलं वर जातं ते.
उणा निघाला तर घर नाही, होडी."
आणि खालच्या उदाहरणात भागाकार उलटा केला,
आडवं वर, उभं खाली.

लाल पेन हातात. बाहेर भरती.
मी एक गुण कापला.
मग तिचं वरचं उत्तर उतरवून घेतलं,
माझ्या वहीत,
तारखेसकट.